पहिले काम कागदांचे: खेड्यातील मुलांच्या शिष्यवृत्तीचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

माण, खटाव, जत, आटपाडी किंवा पाटणच्या डोंगराळ भागातील एखाद्या शाळेत तुम्ही नुकतेच शिक्षक म्हणून रुजू झाला असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर तुमची निवड झाली असेल किंवा गावातला शिकलेला माणूस म्हणून आपल्या वाडीवस्तीवरच्या मुलांसाठी काही करावे असे तुमच्या मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात बरीच वर्षे शिकवले आणि शाळेतील शिष्यवृत्तीचे काम या ना त्या स्वरूपात माझ्याकडेच राहिले. परीक्षेत गुण कमी पडल्यामुळे शिष्यवृत्ती हुकलेली मुले मी पाहिली आहेत. परंतु दाखल्यावरचे चुकलेले नाव, बंद पडलेले बँक खाते किंवा टळून गेलेली तारीख यांपायी ती हुकलेली मुले मी त्याहून पुष्कळ अधिक पाहिली आहेत. म्हणून या लेखात परीक्षेच्या तयारीपेक्षा कागदांना आणि तारखांना जास्त जागा दिली आहे.

जूनमध्येच यादी करावी

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच मागील वर्षाचे हजेरीपत्रक घेऊन बसावे आणि कोणती मुले कोणत्या महिन्यात गैरहजर राहू लागतात हे पाहावे. आपल्याकडे ही गैरहजेरी सहसा आळसाची नसते, तिला ऋतू असतो. माण आणि आटपाडीतील मेंढपाळ कुटुंबे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कृष्णाकाठाकडे किंवा कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जत भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गळीत हंगाम सुरू होताच कारखान्यांच्या परिसरात पाले ठोकतात. खानापूर-आटपाडीकडची काही कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी दूरच्या राज्यांत असतात आणि मुले आजीकडे राहतात. डोंगरातील मुलींची अडचण वेगळी असते. वस्तीवरची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पुढची शाळा दोन-चार किलोमीटरवर असते.

या यादीत आणखी एक खूण करावी लागते, ती म्हणजे वडील किंवा आई हयात नसलेल्या, अथवा घरात दीर्घ आजारपण असलेल्या मुलांची. ही खूण करताना वर्गात हात वर करायला सांगू नये. मुलाला ते फार लागते आणि पुढे ते मूल मदत घ्यायलाच नको म्हणते. घरी जावे, अंगणात बसावे, चहा घ्यावा आणि मगच विषय काढावा.

प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: यंदा ते कोणत्या इयत्तेत आहे, कुटुंब कोणत्या महिन्यात बाहेर जाते आणि घरातील कोणत्या माणसाशी फोनवर बोलता येते. चौथी, सातवी-आठवी आणि दहावी या तीन टप्प्यांवर शाळा बदलते किंवा खर्च वाढतो आणि गळती बहुधा तिथेच होते. त्या इयत्तांतील मुलांची नावे यादीत सर्वांत वर घ्यावीत.

कागद: इथे घाई करू नये

पालकांकडे कागद बहुधा असतातच. साडीच्या दुकानातील प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत, लसीकरणाच्या कार्डासोबत ते ठेवलेले असतात आणि ती पिशवी कणगीच्या मागे किंवा ट्रंकेत असते. ती पिशवी आईच्या समोरच उघडावी, प्रत्येक कागदाचा फोटो घ्यावा आणि मूळ कागद तिच्याच हातात परत द्यावा. मूळ कागद कधीही आपल्या घरी नेऊ नयेत. एखादा जरी हरवला तरी वर्षांचा विश्वास जातो.

सर्वांत आधी नाव जुळते का ते पाहावे. शाळेचे जनरल रजिस्टर, आधार कार्ड, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरील नोंद आणि बँकेचे पासबुक या चारही ठिकाणी विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी असली पाहिजे. शाळेत ‘प्राजक्ता’ आणि आधारवर ‘प्राजक्त’ एवढा फरकसुद्धा संगणकाला पुरतो. जतच्या पूर्व भागातील कन्नड माध्यमाच्या शाळांमध्ये तर नाव कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना दोनदा बदलते, त्यामुळे तिथे ही तपासणी अधिक बारकाईने करावी. कोणती नोंद बदलायची हा प्रश्न आला, तर शाळेची नोंद बरोबर असल्यास आधार दुरुस्त करून घेणे बरे. शाळेच्या रजिस्टरमध्येच चूक असेल, तर मूल त्या शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा, कारण शाळा सोडल्याचा दाखला एकदा बाहेर पडला की पुढे ही दुरुस्ती फार जिकिरीची होते.

आधारच्या बाबतीत नव्या माणसाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. मुलांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा करावी लागते. पंधरावे वर्ष म्हणजे नववी-दहावी, आणि नेमकी तेव्हाच शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर ओळख पटवण्याची वेळ येते. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांकही चालू असावा लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा मुंबईला हमालीला असणाऱ्या बापाचा क्रमांक दर वर्षी बदलतो, म्हणून शक्य तिथे आईचा किंवा गावात राहणाऱ्या आजोबांचा क्रमांक जोडून घ्यावा.

जातीच्या दाखल्याचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा सेतूमधून करता येतो आणि दाखला प्रांताधिकारी देतात. इथे खरी मेहनत पुराव्याची असते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. वडील शाळेत गेलेच नसतील, तर आजोबा, आजोबांचे भाऊ किंवा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणीही ज्या शाळेत गेले असेल त्या शाळेचे जुने रजिस्टर पाहावे. तिथेही नोंद नसेल, तर तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना गावात कोतवाल बुक म्हणतात, त्या शोधाव्या लागतात. त्यांतील काही मोडी लिपीत असल्यामुळे वाचणारा माणूस सोबत न्यावा लागतो. पालावर जन्मलेल्या आणि गावोगाव फिरलेल्या कुटुंबांसाठी हा शोध वर्षभरही चालतो. म्हणून मूल चौथी-पाचवीत असतानाच हा दाखला काढायला घ्यावा, दहावीची वाट पाहू नये. एकाच घरातील एका भावंडाचा दाखला निघाला की पुढच्यांचे काम सोपे होते, हे पालकांना आवर्जून सांगावे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असतो आणि त्याला तलाठ्यांचा चौकशी अहवाल जोडावा लागतो. हा दाखला आर्थिक वर्षापुरता, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालतो. फेब्रुवारीत मोठ्या हौसेने काढलेला दाखला जुलैच्या अर्जाला उपयोगी पडत नाही, ही चूक मी स्वतः पहिल्याच वर्षी केली आणि सात पालकांना पुन्हा तालुक्याला हेलपाटा घालावा लागला. त्या सातांपैकी तिघींची त्या दिवशीची खुरपणीची मजुरी बुडाली होती. तेव्हापासून मी एप्रिल-मे महिन्यांत गावातच एक दिवस ठरवून सर्वांचे अर्ज एकत्र भरून घेऊ लागलो. तलाठ्यांना आणि सेवा केंद्र चालवणाऱ्याला आधी सांगितले, तर बहुतेक जण या कामाला येतात.

बँकेचे खाते

शासनाची रक्कम मुलाच्या खात्यात थेट येते, परंतु ती अर्जात लिहिलेल्या खात्यावर येईलच असे नाही. ती आधारला शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यावर जाते. हे वाक्य नव्या कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे असे मला वाटते.

एका विद्यार्थिनीची आठवीत आर्थिक दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. नववीचे वर्ष सरत आले तरी पासबुकात पैसे नव्हते. तिची आई दर बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी बाहेर ठेवून बँकेत जायची, पासबुक छापून घ्यायची आणि ते दुमडून ब्लाऊजमध्ये ठेवून परत यायची. त्या हिवाळ्यात मुलगी शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी कांदा काढणीला जाऊ लागली होती. बोटांच्या पेरांना कांद्याचा वास आणि भेगा घेऊनच ती सोमवारी वर्गात बसायची. शेवटी चौकशी केल्यावर कळले की, पैसे केव्हाच आले होते. प्राथमिक शाळेत असताना दुसऱ्या एका बँकेत तिचे खाते उघडले होते आणि आधार तिकडेच जोडलेले राहिले होते. त्या खात्यावर काही वर्षे व्यवहार नसल्यामुळे ते निष्क्रिय झाले होते, पण रक्कम त्यात जमा होत होती. केवायसीचे कागद देऊन ते चालू करायला अठरा दिवस लागले. बारा हजार रुपये घरापासून सहा किलोमीटरवर पडून होते आणि मुलगी मजुरीला जात होती, ही गोष्ट मी अजून विसरू शकलेलो नाही.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी माय आधारच्या संकेतस्थळावर प्रत्येक मुलाच्या आधारला कोणती बँक जोडली आहे ते ओटीपी घालून पाहावे. ‘आधार खात्याला जोडले आहे’ असे बँकेतून तोंडी सांगितले जाते, त्यावर थांबू नये; अनुदान जमा होण्यासाठीची जोडणी वेगळी करावी लागते आणि तिच्यासाठी संमतीचा अर्ज स्वतंत्र द्यावा लागतो. जिथे बँकेची शाखा दूर आहे तिथे पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे खाते सोयीचे पडते, कारण ते पोस्टमन गावात येऊन उघडून देऊ शकतो. खाते उघडल्यावर त्यात वर्षातून एक-दोन छोटे व्यवहार करायला मुलांना सांगावे.

कोणत्या मुलासाठी काय

सर्व योजनांची यादी देण्याचा मोह मी टाळतो, कारण यादी वाचून नवा माणूस गोंधळतो. ज्यांचा आपल्या भागातील मुलांना खरा आधार झालेला मी पाहिला, त्यांच्याविषयीच लिहितो.

आठवीतील मुलांसाठी सर्वांत मोठी संधी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे, दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे, सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०) आणि विद्यार्थी शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकत असावा. खासगी विनाअनुदानित शाळा, नवोदय, केंद्रीय आणि सैनिक शाळांतील मुलांना ती मिळत नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला दर वर्षी ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. आपल्या राज्यात परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि ती मराठीसह कन्नड, उर्दू अशा सात माध्यमांतून देता येते, हे जतकडील शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे.

या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही निवड यादीत नाव न आलेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तीत नववी ते बारावीपर्यंत दर वर्षी ९,६०० रुपये मिळतात. निवड यादीत नाव नाही म्हणून निराश होऊन अनेक शाळा इथेच थांबतात. उत्तीर्णांची यादी मात्र दुसऱ्यांदा, या नजरेने वाचायला हवी.

राज्याची जुनी शिष्यवृत्ती परीक्षा, जी सर्वांना ‘स्कॉलरशिप’ म्हणूनच माहीत आहे, ती काही वर्षे पाचवी आणि आठवीला होत होती. ती पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. तिची रक्कम २०२३ मध्ये वाढवण्यात आली आणि प्राथमिक स्तरावर वर्षाला ५,००० तर उच्च प्राथमिक स्तरावर ७,५०० रुपये अशी झाली. ही परीक्षा गुणवत्तेची आहे, गरजेची नाही. तरीही चौथीतील मुलाला ओएमआर, म्हणजे संगणकाने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर गोल रंगवण्याची सवय इथेच लागते, म्हणून वस्तीशाळेतील मुलांनाही तिला बसवावे.

ज्या मुलांना परीक्षेची वाट झेपणार नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. तिला गुणांची किंवा उत्पन्नाची अट नाही. वर्षानुवर्षे तिचा दर पाचवी ते सातवीसाठी दरमहा ६० आणि आठवी ते दहावीसाठी दरमहा १०० रुपये, असा दहा महिन्यांचा राहिला. चालू वर्षाचा दर परिपत्रकात पाहावा. रक्कम लहान आहे म्हणून काही शाळा प्रस्ताव पाठवायचा कंटाळा करतात. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात आहे. निदान या जिल्ह्यात तरी तो कंटाळा होऊ नये. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र पुरस्कृत मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आणि घरून ये-जा करणाऱ्यांसाठी रक्कम वर्षाला ३,५०० रुपये आहे.

वडील गवंडी, सेंट्रिंग कामगार किंवा विहिरीच्या बांधकामावर मजूर असतील आणि त्यांनी वर्षात ९० दिवस काम केले असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी करून घ्यावी. नोंदीत कामगारांच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीपर्यंत ५,००० रुपये मिळतात. अट ७५ टक्के हजेरीची आहे. दुष्काळी भागातील कितीतरी बापमाणसे शेतीसोबत हेच काम करतात, पण ‘धंदा काय’ असे विचारले की ‘शेती’ एवढेच सांगतात. म्हणून प्रश्न बदलून विचारावा: उन्हाळ्यात काय काम करता?

आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. ती शिष्यवृत्ती नाही, तरीही मी तिला या कामाचा भाग मानतो, कारण अठरा वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात आणि एकट्या आईला मुलीला कामावर धाडण्यापासून थांबवायला तेवढे अनेकदा पुरतात. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जातो आणि निर्णय बालकल्याण समिती करते.

दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येतील असे मात्र गृहीत धरू नये. प्रत्येक परिपत्रकातील अट वाचावी आणि मुलासाठी जी जास्त वर्षे टिकेल ती निवडावी.

प्रवासाचा खर्च वेगळा धरावा. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो आणि मुलग्यांना दोन तृतीयांश सवलत असते. पासाची यादी शाळेकडून आगारात लवकर गेली नाही, तर पहिला महिनाभर मुली पायी येतात किंवा येत नाहीत.

एनएमएमएसची तयारी

परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे ९० गुणांचे दोन पेपर असतात. शालेय चाचणीत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२) लागतात. ऑगस्टपासून आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर सराव घेतला तरी पुरतो. महागड्या पुस्तकांची गरज नाही. परीक्षा बहुधा डिसेंबरमध्ये असते, म्हणजे मेंढपाळांचे वाडे हलल्यानंतर. त्या मुलांसाठी त्या दिवशी कोण गाडी घेऊन जाणार आणि आदल्या रात्री ते कुठे मुक्कामाला राहणार, हे दिवाळीपूर्वीच ठरवावे. माझ्या अनुभवात बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत ही मुले कुणालाच हार जात नाहीत. शंभर मेंढरांतून आपले कोकरू ओळखणाऱ्या डोळ्यांना आकृत्यांतील फरक लगेच दिसतो. त्यांना अडते ते प्रश्न वाचण्याच्या वेगापाशी, म्हणून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

निवड झाल्यानंतरचे काम

निकाल लागला की शाळेत पेढे वाटले जातात आणि काम संपले असे सर्वांना वाटते. वास्तविक पैसे मिळण्याची वाट तिथून सुरू होते. विद्यार्थी नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर त्याची एकदाच करायची नोंदणी आणि नंतर नवा अर्ज भरावा लागतो. तो अर्ज आधी शाळेच्या नोडल शिक्षकाने, म्हणजे पोर्टलचे काम नेमून दिलेल्या शिक्षकाने, आणि नंतर जिल्हा स्तरावर पडताळावा लागतो. मुदतीत यापैकी एक पडताळणी राहिली तरी त्या वर्षाचे पैसे जातात. मुख्याध्यापक आणि नोडल शिक्षक यांची स्वतःची ओळखही पोर्टलवर सिद्ध केलेली असावी लागते. नोडल शिक्षकांची बदली झाली असेल, तर नव्या शिक्षकांची नोंद जुलैमध्येच करून घ्यावी, कारण जुना पासवर्ड जुन्या माणसाबरोबर निघून जातो.

मूल आठवीपर्यंत एका शाळेत आणि नववीला दुसऱ्या शाळेत गेले असेल, तर धोका सर्वांत जास्त असतो. जुन्या शाळेला वाटते नवी शाळा पाहील, आणि नव्या शाळेला त्या मुलाची निवड झाल्याचेच माहीत नसते. अशा मुलाच्या निकालाची प्रत घेऊन तुम्ही स्वतः नव्या शाळेच्या लिपिकांना भेटावे.

दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. नववी आणि अकरावीत ५५ टक्के, दहावीत ६० टक्के गुण लागतात आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात पाच टक्क्यांची सूट असते. दहावीनंतर विद्यार्थी पदविका अभ्यासक्रमाला गेला, तर ही शिष्यवृत्ती थांबते. अकरावीसाठी विनाअनुदानित तुकडी निवडली तरी अडचण येते. पॉलिटेक्निकला जाणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, परंतु निर्णय घेताना कुटुंबाला हे आधी माहीत असले पाहिजे.

बाहेरगावी जाणारी मुले

कुटुंब स्थलांतर करणार असेल, तर जाण्यापूर्वी मुलाला शिक्षण हमी कार्ड भरून द्यावे. ते दाखवून जिथे पाल पडेल तिथल्या शाळेत मूल बसू शकते आणि त्याची प्रगती तिथल्या शिक्षकांना कळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला आला नाही या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. उलट बाजूनेही विचार करावा: कराड, वाळवा या ऊसपट्ट्यात तुमची शाळा असेल, तर फडावर आलेल्या मुलांना शोधून काढणे हे तुमचे काम आहे. पालाजवळ सकाळी लवकर जावे. दुपारी तिथे फक्त लहान भावंडांना सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी सापडते आणि शाळेत आणायची असते ती नेमकी तीच. शक्य असेल तिथे शाळा व्यवस्थापन समितीने गावातच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पावसाळा संपण्यापूर्वी पाठवावा, म्हणजे मुलाला गाव सोडावेच लागत नाही.

गावाची स्वतःची शिष्यवृत्ती

सरकारी रक्कम बहुधा वर्ष संपताना येते, खर्च मात्र जूनमध्ये असतो. ही फट भरून काढण्यासाठी गावाचा छोटा निधी उपयोगी पडतो आणि आपल्या भागाला त्याची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंड याच कामातून उभा राहिला.

आज दहा घरांनी दरमहा शंभर रुपये बाजूला काढले, तर वर्षाला बारा हजार होतात, म्हणजे बरोबर एका एनएमएमएसएवढे. निधी दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवावा आणि निवडीचे नियम पैसे जमण्यापूर्वी लिहून काढावेत, नाहीतर पहिल्याच वर्षी भावकीचा वाद होतो. रोख वाटण्याऐवजी वह्या, परीक्षा शुल्क, मुलग्यांचा एसटी पास, वसतिगृहाच्या खानावळीचे पैसे असे थेट भरावे. दोन हप्ते करावेत: पहिला जूनमध्ये आणि दुसरा दिवाळीनंतर, शाळा उघडल्याच्या आठवड्यात, कारण मुले गळतात ती तेव्हा. मदत घेणाऱ्या मुलाला व्यासपीठावर बोलावून पाकीट देतानाचा फोटो काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. देणाऱ्यांना हिशेब द्यावा, मुलांची नावे गावभर करू नयेत.

दहावीनंतर फाईल मुलाच्या हाती

अकरावीपासून बहुतेक शिष्यवृत्त्या राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर जातात आणि अर्ज विद्यार्थ्याने स्वतः भरायचा असतो. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील ज्यांना दहावीत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळाले असतील, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. तिला उत्पन्नाची अट नाही आणि अकरावी-बारावीत दरमहा ३०० रुपये, दहा महिने मिळतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मात्र उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला दोन्ही लागतात.

दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईला बोलावून घ्यावे. जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, पासबुकाचे पहिले पान, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक यांच्या प्रत्येकी तीन प्रती फाईलमध्ये लावाव्यात. आतल्या पुठ्ठ्यावर पोर्टलचे वापरकर्ता नाव आणि जोडलेला मोबाईल क्रमांक मुलाच्याच अक्षरात लिहून घ्यावा. पासवर्ड मात्र वेगळ्या वहीत ठेवायला सांगावे. मग तुमच्यासमोर, तुमच्या फोनवर नव्हे तर घरातल्या फोनवर, त्याला एकदा लॉग-इन करायला लावावे. पहिल्यांदा ओटीपी येईपर्यंत मुलांचा हात थरथरतो. तो येईपर्यंत तुम्ही शेजारी बसून राहावे आणि काहीही स्वतः दाबू नये.